वेगवेगळ्या हार्डवेअरवर बसणारी एकच विंडोज इमेज

मुंबईतल्या मध्यम आकाराच्या ऑफिसात सगळी मशीनं एका कंपनीची, एका मॉडेलची असणं दुर्मीळच. अकाउंट्सच्या टेबलांवर लॅमिंग्टन रोडवरून जुळवून आणलेले असेंबल्ड पीसी, रिसेप्शनला डेलचे रिफर्बिश्ड ऑप्टिप्लेक्स, साहेबांकडे नवा थिंकपॅड, आणि डोंबिवलीच्या शाखेत एचपीचे छोटे डबे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि या सगळ्या खिचडीवर विंडोज ११ चढवायची वेळ आली. प्रत्येक मशीनवर हाताने विंडोज, ऑफिस, डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर, प्रिंटर असं टाकत बसलं तर एकेका टेबलावर अर्धा दिवस जातो. एक मशीन नीट तयार करून त्याची डिस्क बाकीच्यांवर क्लोन करावी, तर वेगळ्या हार्डवेअरवर विंडोज बंद पडल्याचा निळा पडदा येतो. न आला तरी पुढे वेगळीच दुखणी सुरू होतात.

यावरचा मार्ग म्हणजे सिसप्रेप (मशीनची ओळख पुसणारं विंडोजमधलंच साधन) करून काढलेली इमेज, म्हणजे तयार विंडोजची एका फाइलमधली प्रत. ती बांधताना पथ्यं दोनच: इमेजमध्ये कुठल्याही मशीनचं हार्डवेअर ठेवायचं नाही आणि कुठल्याही मशीनची ओळख ठेवायची नाही. ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारी सॉफ्टवेअरं), नाव, डोमेन (ऑफिसचं मध्यवर्ती नेटवर्क), लायसन्स हे सगळं इमेज डिस्कवर उतरवताना किंवा उतरवल्यानंतर द्यायचं. खाली जी प्रत्येक पायरी सांगितली आहे, ती या दोनपैकी एका पथ्यासाठी आहे.

नुसता क्लोन का नको

प्रत्येक विंडोज इन्स्टॉलेशनला स्वतःचा एसआयडी, म्हणजे सुरक्षा क्रमांक असतो. क्लोन केलेल्या सगळ्या मशीनवर तो एकच राहतो. २००९मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मार्क रुसिनोविच यांनी एसआयडी बदलणारं आपलंच न्यूएसआयडी हे साधन बंद केलं आणि मशीनचे एसआयडी सारखे असल्याने प्रत्यक्षात काही बिघडत नाही, असं सविस्तर लिहिलं. तेव्हापासून बरेच जण सिसप्रेपला फाटा देत आले, आणि त्यांचं निभावलंही. आता निभावत नाही. २९ ऑगस्ट २०२५पासूनच्या अपडेटमध्ये विंडोज ११च्या २४एच२ आणि २५एच२ आवृत्त्या, तसंच सर्व्हर २०२५, एसआयडीची कडक तपासणी करतात. दोन मशीनचा एसआयडी एकच निघाला की शेअर केलेलं फोल्डर उघडत नाही, रिमोट डेस्कटॉप लागत नाही, पासवर्ड बरोबर असूनही पुन्हा पुन्हा विचारला जातो. इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टम लॉगमध्ये ६१६७ क्रमांकाची नोंद आणि मशीन आयडी अंशतः जुळत नसल्याचा मजकूर दिसला, तर मशीनं क्लोन केलेली आहेत हे नक्की समजावं. त्यावर मायक्रोसॉफ्टला मान्य असलेला कायमचा उपाय एकच: सिसप्रेप केलेल्या इमेजवरून ती मशीनं पुन्हा बांधणं.

केएमएस (ऑफिसातल्या सगळ्या मशीनचं लायसन्स चालू करणाऱ्या) सर्व्हरवरून अ‍ॅक्टिव्हेशन करणाऱ्या ऑफिसांत आणखी एक गंमत होते. केएमएसला किमान २५ वेगळे क्लायंट दिसावे लागतात. क्लोन केलेल्या ४० मशीनचा क्लायंट आयडी एकच असला तर सर्व्हरची मोजणी १वरच अडकते आणि एकही मशीन अ‍ॅक्टिव्हेट होत नाही.

लायसन्सचं इथेच उरकून घेऊ. मशीनबरोबर आलेल्या ओईएम परवान्याच्या विंडोजची इमेज काढून ती सगळीकडे वाटायची मुभा नसते. त्यासाठी व्हॉल्यूम लायसन्सचं (अनेक मशीनच्या एकत्रित परवान्याचं) माध्यम आणि की लागते. शिवाय आवृत्ती जुळावी लागते. होम परवान्याच्या लॅपटॉपवर प्रोची इमेज टाकली तर ती उतरेल, पण त्या परवान्यावर अ‍ॅक्टिव्हेट होणार नाही.

इमेज व्हर्च्युअल मशीनवर बांधा

खऱ्या पीसीवर बांधलेल्या इमेजमध्ये त्या पीसीचे ड्रायव्हर आणि निर्मात्याची युटिलिटी सॉफ्टवेअरं घुसतातच. म्हणून हायपर-व्हीमध्ये (सॉफ्टवेअरमधला पीसी, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारी विंडोजची सोय) जनरेशन २ प्रकारचं मशीन घ्या. ते यूईएफआयवर (मशीन सुरू करणाऱ्या नव्या पद्धतीच्या फर्मवेअरवर) चालतं, आणि आजची मशीनंही त्यावरच चालतात. २ कोअर, ४ ते ८ जीबी रॅम आणि ८० जीबीची डिस्क पुरते. विंडोज ११चा इन्स्टॉलर टीपीएम (सुरक्षेची चिप) मागतो, तेव्हा व्हर्च्युअल टीपीएम चालू करा. व्हीएमवेअर किंवा व्हर्च्युअलबॉक्स वापरत असाल तर त्यांची गेस्ट टूल्स टाकू नका. खऱ्या मशीनवर त्यांचा उपयोग शून्य आणि ड्रायव्हर मात्र मागे राहतात.

इन्स्टॉलेशन होईपर्यंत व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क तोडून ठेवा. देश विचारणारा पहिला निळा-पांढरा पडदा आला की काहीही न भरता कंट्रोल, शिफ्ट आणि एफ३ एकत्र दाबा. मशीन रीस्टार्ट होऊन ऑडिट मोडमध्ये, म्हणजे अंगभूत अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यात उघडतं. समोर सिसप्रेपची छोटी खिडकी येईल, ती बंद करा. या वाटेने गेलं की नवं युझर खातं बनवावं लागत नाही, त्यामुळे नंतर पुसायलाही काही उरत नाही. डोमेनला तर या टप्प्यावर मुळीच जोडू नका.

नेटवर्क तोडायचं कारण स्टोअर. इंटरनेट मिळालं की मायक्रोसॉफ्ट स्टोअर त्या एका खात्यापुरती अ‍ॅप अपडेट करायला घेतं, आणि सिसप्रेप अडकण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण तेच आहे. रजिस्ट्रीत एचकेएलएमखाली सॉफ्टवेअर, पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, विंडोजस्टोअर या वाटेवर ऑटोडाउनलोड नावाची डीवर्ड नोंद करून तिला २ ही किंमत द्या. मगच नेटवर्क जोडा. त्याहून बरं म्हणजे जोडूच नका: मासिक अपडेटच्या एमएसयू फाइल मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉगवरून दुसऱ्या मशीनवर उतरवून घ्या आणि डीआयएसएमने (विंडोजची इमेज हाताळणारी कमांड) बसवा. २४एच२पासून काही अपडेटना आधीची एक पायाभूत एमएसयू लागते. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवल्या की डीआयएसएम त्यांचा क्रम स्वतः लावतं.

आत काय ठेवायचं

माझं मत पातळ इमेजच्या बाजूचं आहे. जे सगळ्या मशीनवर लागतं आणि क्वचित बदलतं, तेवढंच आत: ऑफिस, पीडीएफ वाचणारं सॉफ्टवेअर, सेव्हन-झिप, ब्राउझर, व्हिज्युअल सी++ची रनटाइम पॅकेजं. ऑफिस डिप्लॉयमेंट टूलने बसवा, त्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये ऑटोअ‍ॅक्टिव्हेट शून्य ठेवा, आणि बसवून झाल्यावर वर्ड किंवा एक्सेल ‘चालतंय का बघू’ म्हणूनसुद्धा उघडू नका. ब्राउझरचंही तसंच, एकदा उघडला की प्रोफाइल तयार होतं.

मराठी काम होणाऱ्या ऑफिसात फॉन्टचा घोळ हमखास होतो. विंडोज १०पासून मंगल, अपराजिता, कोकिळा, उत्साह हे फॉन्ट मूळ विंडोजमध्ये नसून देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स या ऐच्छिक घटकात गेले आहेत. ते नसले तर मंगलमधली जुनी पत्रं निर्मला यूआयमध्ये उघडतात, ओळी सरकतात, दोन पानी पत्र अडीच पानांचं होतं. सेटिंग्जमधल्या ऐच्छिक फीचर्समधून हा घटक इमेजमध्येच घालून टाका. मराठी कीबोर्डसाठी मात्र इथे काही उतरवू नका. तो नंतर उत्तर फाइलमधून (सेटअपच्या प्रश्नांची उत्तरं आधीच देणारी फाइल) एका ओळीत येतो. आणि मराठी डिस्प्ले भाषेचा पॅक स्टोअरमधून घेतलात, तर तो एका खात्यापुरता बसतो आणि सिसप्रेप तिथेच थांबतं.

आत ठेवू नये अशी यादी जास्त महत्त्वाची आहे. टॅलीसारख्या सॉफ्टवेअरचं लायसन्स मशीनशी बांधलेलं असतं, म्हणून सॉफ्टवेअर हवं तर ठेवा, पण अ‍ॅक्टिव्हेशन टेबलावर गेल्यावरच करा. अँटीव्हायरसचा एजंट आणि रिमोट सपोर्टचं सॉफ्टवेअर पहिल्यांदा चालू होताच स्वतःचा आयडी बनवतं. तो इमेजमध्ये गेला की कन्सोलवर ३० मशीनच्या जागी एकच मशीन दिसतं, किंवा फोर्टच्या ऑफिसला जोडायला जावं तर ठाण्याचा पडदा उघडतो. अशी सॉफ्टवेअरं इमेज उतरल्यानंतर स्क्रिप्टने बसवा. सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर सीए मंडळींच्या ऑफिसात सर्वांनाच लागतं, ते ठेवायला हरकत नाही. फक्त जे टोकन खरोखर वापरात आहे त्याचंच ठेवा. प्रिंटर, स्कॅनर, वायफायचे पासवर्ड, कोणाची सर्टिफिकेटं यांतलं काहीही इमेजमध्ये जाऊ देऊ नका.

सगळं मनासारखं झालं की टेंप फोल्डर साफ करा, मशीन बंद करा आणि इथे एक चेकपॉइंट, म्हणजे परत येता येईल अशी मशीनच्या अवस्थेची नोंद, घ्या. सिसप्रेपच्या आधीचा हा चेकपॉइंट म्हणजे तुमची खरी मूळ प्रत. पुढचे सगळे बदल याच्यावर करायचे, एकदा सिसप्रेप झालेल्या इमेजवर पुन्हा पुन्हा सिसप्रेप करत बसायचं नाही.

सिसप्रेप चालवणं आणि ते न चालणं

सुरू करण्याआधी मॅनेज-बीडीई (बिटलॉकर, म्हणजे विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची) कमांडला स्टेटस विचारा. सी ड्राइव्ह एन्क्रिप्ट झालेला असला तर सिसप्रेप पुढे जात नाही. २४एच२मध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होण्याच्या अटी सैल झाल्या आहेत आणि व्हर्च्युअल टीपीएम दिल्यावर ती शक्यता वाढते. मॅनेज-बीडीईला ऑफ आणि सी: असं सांगा आणि डिक्रिप्शन शंभर टक्के होईपर्यंत थांबा. अर्ध्यावर असताना चालवलं तरी तेच.

मग अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टवरून, विंडोज फोल्डरातल्या सिस्टम३२मधल्या सिसप्रेप फोल्डरात जाऊन:

सिसप्रेप /जनरलाइझ /ओओबीई /शटडाउन

जनरलाइझने एसआयडी, मशीनचं नाव, बसवलेल्या उपकरणांच्या नोंदी, इव्हेंट लॉग हे सगळं जातं. ओओबीईने पुढच्या वेळी पहिला सेटअप पडदा येतो. मोड व्हीएम हा आणखी एक पर्याय दिसेल. तो त्याच प्रकारच्या व्हर्च्युअल मशीनवर पुन्हा वापरायच्या इमेजसाठी आहे, तो इथे लावू नका. तसंच उत्तर फाइलमध्ये पर्सिस्टऑलडिव्हाइसइन्स्टॉल्स नावाचा पर्याय ट्रू केलेला आढळला तर फॉल्स करा. तो एकसारख्या हार्डवेअरसाठी आहे. तुमच्याकडे नेमकं उलट आहे.

‘इन्स्टॉलेशन तपासता आलं नाही’ असा निरोप आला तर अंदाज बांधत बसण्यात अर्थ नाही. त्याच सिसप्रेप फोल्डरात पँथर नावाचं फोल्डर असतं, त्यातली सेटअपएरर ही लॉग फाइल उघडा. बहुतेक वेळा त्यात एखाद्या अ‍ॅपच्या पॅकेजचं नाव आणि ‘हे एका युझरसाठी बसवलं आहे, सगळ्यांसाठी नाही’ अशा अर्थाची ओळ असते, सोबत ०एक्स८००७३सीएफ२ हा कोड. पॉवरशेलमध्ये गेट-अ‍ॅपएक्सपॅकेजला ऑलयुझर्स लावून ते पॅकेज शोधा आणि रिमूव्ह-अ‍ॅपएक्सपॅकेजने ऑलयुझर्ससह काढा. पुन्हा चालवा. दुसरं नाव येऊ शकतं, मग तिसरं. चौथ्या नावाला चेकपॉइंटवर परत जाऊन नेटवर्क कुठे जोडलं गेलं ते शोधणं जास्त स्वस्त पडतं. ०एक्स८०३१००३९ हा कोड दिसला तर ते बिटलॉकरचं काम आहे.

कॅप्चर

मशीन बंद झालं. आता ते विंडोजमध्ये एकदाही सुरू होता कामा नये. सुरू झालं तर ते व्हर्च्युअल मशीनलाच आपलं घर मानून सेटअप पूर्ण करायला लागतं आणि जनरलाइझ वाया जातं. विनपीईच्या (डिस्कवरच्या विंडोजशिवाय चालणारं छोटं विंडोज) आयएसओवरून बूट करताना ‘कुठलीही कळ दाबा’ हा निरोप काही सेकंदच असतो. तो हुकला की असंच होतं. म्हणून आधीच बूट क्रमात डीव्हीडी वर आणा आणि खिडकीत क्लिक करून बोट तयार ठेवा. हुकलंच, तर चेकपॉइंटवर परत जा आणि सिसप्रेप पुन्हा करा.

विनपीई बनवायला विंडोज एडीके आणि त्याचं वेगळं विनपीई अ‍ॅड-ऑन, अशा दोन गोष्टी उतरवाव्या लागतात. कॉपीपीई आणि मेकविनपीईमीडिया या दोन कमांडनी आयएसओ किंवा पेनड्राइव्ह तयार होतो. व्हर्च्युअल मशीनला ४० जीबीची दुसरी डिस्क जोडा, विनपीईत बूट करा आणि डीआयएसएमला कॅप्चर-इमेज सांगून, कॅप्चरडिरला विंडोजचं पार्टिशन, इमेजफाइलला दुसऱ्या डिस्कवरचं नाव, आणि कॉम्प्रेसला मॅक्स द्या. विनपीईत विंडोजचं पार्टिशन सी असेलच असं नाही. आधी डीआयआर करून बघा. पेजफाइल आणि हायबरनेशनची फाइल डीआयएसएम आपणहून वगळतं.

व्हर्च्युअल डिस्कची व्हीएचडीएक्स फाइल होस्टवर (खऱ्या पीसीवर) माउंट करूनही कॅप्चर करता येतं, आणि ते पटकन होतं. पण चेकपॉइंट घेतलेला असताना मूळ व्हीएचडीएक्समध्ये जुनी, सिसप्रेपच्या आधीची अवस्था असते; ताजे बदल एव्हीएचडीएक्स फाइलमध्ये असतात. मूळ फाइल माउंट केली तर चुकीची इमेज निघते, आणि तिच्यात चुकून काही लिहिलं गेलं तर चेकपॉइंटची साखळीच तुटते. दुसऱ्या डिस्कची वाट लांबची असली तरी बिनधोक आहे.

तयार झालेल्या डब्ल्यूआयएम (इमेजच्या) फाइलचा सर्टयुटिलच्या हॅशफाइलने एसएचए२५६ (पडताळणीचा आकडा) काढून नोंदवून ठेवा. शाखेत पोचल्यावर इमेज अर्धवट उतरली तर दोष फाइलचा की मशीनच्या डिस्कचा, हे त्यावरून दोन मिनिटांत कळतं.

ड्रायव्हर

सगळ्या मॉडेलचे ड्रायव्हर एकदाच इमेजमध्ये कोंबावेत असा मोह होतो. इमेज फुगते ही त्यातली लहान तक्रार. मोठी तक्रार अशी, की विंडोज ड्रायव्हर निवडताना आधी हार्डवेअर आयडी किती नेमका जुळतो ते पाहतं आणि बरोबरी झाली तर तारीख आणि आवृत्ती पाहतं. एका कंपनीच्या लॅपटॉपसाठी आलेला नव्या तारखेचा ऑडिओ ड्रायव्हर दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर जिंकतो आणि हेडफोनचा आवाज जातो. म्हणून प्रत्येक मॉडेलचं वेगळं फोल्डर ठेवा आणि त्या मशीनवर त्याचंच फोल्डर लावा.

डेल, एचपी आणि लेनोवो आपल्या ऑफिस-वर्गातल्या मॉडेलसाठी अख्खे ड्रायव्हर पॅक मोफत देतात. ते उघडले की आत आयएनएफ (ड्रायव्हरची माहिती असलेल्या) फाइली मिळतात, आणि आपल्याला त्याच लागतात. फोल्डरला मॉडेलचं तेच नाव द्या जे मशीन स्वतः सांगतं. पॉवरशेलमध्ये विन३२_कम्प्युटरसिस्टमचं मॉडेल विचारलं की ते येतं. लेनोवो तिथे आकडे-अक्षरांचा कोड सांगतं, ओळखीचं नाव विन३२_कम्प्युटरसिस्टमप्रॉडक्टच्या व्हर्जनमध्ये असतं. असेंबल्ड पीसीला मॉडेल नसतंच. तिथे विन३२_बेसबोर्डचं प्रॉडक्ट, म्हणजे मदरबोर्डचं नाव घ्या. हे विनपीईमधून विचारायचं तर त्यात डब्ल्यूएमआय, नेटएफएक्स, स्क्रिप्टिंग, पॉवरशेल हे घटक याच क्रमाने घालावे लागतात.

असेंबल्ड मशीनची अडचण अशी, की मदरबोर्डच्या साइटवर बरेच ड्रायव्हर सेटअप फाइलच्या रूपात येतात आणि त्या डीआयएसएमला चालत नाहीत. अशा बोर्डाच्या एका मशीनवर सगळं हाताने बसवा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये एकही पिवळी खूण राहू देऊ नका, आणि मग पीएनपीयुटिलला एक्सपोर्ट-ड्रायव्हर, चांदणी (*) आणि फोल्डरचं नाव द्या. बाहेरून बसलेले सगळे ड्रायव्हर आयएनएफसकट निघतात. त्यातले प्रिंटरचे तेवढे उडवा. ओळख न पटलेलं उपकरण राहिलंच तर त्याच्या डिटेल्समध्ये हार्डवेअर आयडी बघा: व्हेन ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रियलटेक, १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ म्हणजे एएमडी. गुगलवर ‘ड्रायव्हर फ्री डाउनलोड’ शोधण्यापेक्षा हा रस्ता लवकर घरी नेतो.

सगळ्यात जास्त घात स्टोरेजच्या ड्रायव्हरने होतो. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या अनेक मशीनमध्ये व्हीएमडी (इंटेलची स्टोरेज सांभाळणारी सोय) चालू असतं, आणि डेलच्या बऱ्याच मशीनमध्ये बायोसमध्ये स्टोरेज रेड (RAID) मोडवर असतं. विनपीईकडे तो ड्रायव्हर नसला की डिस्कपार्टच्या (डिस्क आणि पार्टिशन हाताळणारी कमांड) यादीत फक्त तुमचा पेनड्राइव्ह दिसतो आणि माणूस डिस्क खराब समजून बसतो. इंटेल रॅपिड स्टोरेजच्या पॅकमधली आयएस्टोरव्हीडी ही आयएनएफ फाइल ड्रव्हलोडने चढवली की डिस्क तिथल्या तिथे दिसायला लागते. पण काम अर्धंच झालं. विनपीईला दिलेला ड्रायव्हर उतरवलेल्या विंडोजला मिळत नाही. पहिल्या बूटच्या आधी तोच ड्रायव्हर तिच्यातही घालावा लागतो, नाहीतर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’चा निळा पडदा ठरलेला. बायोसमध्ये एएचसीआय करूनही सुटका होते, पण मग दर मशीनचं बायोस हाताने बदलत बसा, आणि पुढे कोणी बायोस रीसेट केलं की मशीन उठत नाही. ड्रायव्हरच घाला.

विनपीईमध्ये स्वतः फक्त स्टोरेज आणि नेटवर्क एवढेच ड्रायव्हर पुरेत. ग्राफिक्स, ऑडिओ तिथे निरुपयोगी.

पेनड्राइव्ह आणि उत्तर फाइल

यूईएफआय बूटसाठी एफएटी३२ लागतं आणि एफएटी३२वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. म्हणून यूएसबी एसएसडीवर दोन पार्टिशनं करा: २ जीबीचं एफएटी३२ विनपीईसाठी, उरलेलं एनटीएफएस इमेज आणि ड्रायव्हरसाठी. अशी डिस्क चर्चगेट-विरार लोकलमधून शाखाशाखांत फिरते, गर्दीत राहूही शकते. म्हणून तिच्यावर पासवर्ड असलेली कुठलीही फाइल नको. उत्तर फाइलमध्ये अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड ‘लपवलेला’ दिसतो, पण तो नुसता बेस६४ असतो, कोणीही उलगडू शकतं. तिथे तात्पुरता पासवर्ड द्या आणि डोमेनला जोडल्यावर लगेच बदला.

अनअटेंड ही उत्तर फाइल उतरवलेल्या विंडोजच्या पँथर फोल्डरात ठेवायची. मुंबईसाठी टाइमझोन ‘इंडिया स्टँडर्ड टाइम’, युझर लोकेल भारतीय इंग्रजी, आणि इनपुट लोकेलमध्ये इंग्रजीपुढे अर्धविराम देऊन मराठी इनस्क्रिप्टचा ०४४ई:०००००४४ई. मशीनच्या नावाला १५ अक्षरांची मर्यादा आहे. नाव सीरियल नंबरवरून बनवायची पद्धत चांगली, फक्त असेंबल्ड बोर्डांवर सीरियलच्या जागी ‘डिफॉल्ट स्ट्रिंग’ किंवा ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’ असलं काहीतरी निघतं आणि दहा मशीनना एकच नाव मिळतं. त्यांच्यासाठी नेटवर्क कार्डच्या मॅक पत्त्याचे शेवटचे सहा आकडे घ्या. नाव लांबलं किंवा प्रॉडक्ट की चुकली की पहिल्या बूटला ‘स्पेशलाइझ’ टप्प्यात उत्तर फाइल वाचता आली नाही, असा निरोप येऊन मशीन फिरत राहतं.

नंतरची सॉफ्टवेअरं बसवायला विंडोजच्या सेटअप फोल्डरात स्क्रिप्ट्स नावाचं फोल्डर करून त्यात सेटअपकम्प्लीट ही सीएमडी फाइल ठेवतात. ओईएम की असलेल्या प्रो आवृत्तीवर ती चालतच नाही, कुठला निरोपही येत नाही. तिच्या शेवटी पँथरमधली उत्तर फाइल पुसायची ओळ घाला.

टेबलावर

१. बायोसमध्ये यूईएफआय बूट आणि सिक्युअर बूट चालू आहे का बघा. रिफर्बिश्ड मशीन लेगसी मोडवर ठेवलेलं असण्याची शक्यता बरीच. त्याच वेळी प्रोसेसर पाहून घ्या: विंडोज ११ला इंटेलची ८वी पिढी लागते, म्हणजे ऑप्टिप्लेक्स ७०६० चालेल, ७०४० नाही. डीआयएसएम ही अट तपासत नाही, जुन्या मशीनवरही इमेज उतरेल आणि चालेलही. पण ते मायक्रोसॉफ्टच्या सपोर्टमध्ये बसत नाही आणि पुढचं मोठं अपडेट अडतं.

२. डिस्कपार्टमध्ये लिस्ट डिस्क करून आकार वाचा, मगच सिलेक्ट करा. एसएसडी आणि जुनी हार्ड डिस्क दोन्ही असलेल्या मशीनवर डिस्क ० कोणती असेल याचा नेम नाही, कधी तो तुमचाच पेनड्राइव्ह असतो. क्लीन म्हटल्यावर परत विचारणारं कोणी नाही. म्हणूनच ‘डिस्क ०’ गृहीत धरणारी तयार स्क्रिप्ट असेंबल्ड मशीनवर चालवू नये.

३. क्लीन, कन्व्हर्ट जीपीटी, मग २६० एमबीचं ईएफआय पार्टिशन एफएटी३२मध्ये, १६ एमबीचं एमएसआर, विंडोजचं एनटीएफएस, आणि सगळ्यात शेवटी १ जीबीचं रिकव्हरी. जानेवारी २०२४चं केबी५०३४४४१ हे अपडेट असंख्य मशीनवर बसलं नाही ते रिकव्हरीचं पार्टिशन लहान पडल्यामुळे. १ जीबी देऊन टाकलं की तो प्रश्न मिटतो. ईएफआयला एस आणि विंडोजला डब्ल्यू अशी अक्षरं द्या.

४. डीआयएसएमच्या अप्लाय-इमेजने इंडेक्स १ डब्ल्यूवर उतरवा.

५. रीस्टार्ट न करता डीआयएसएमला इमेज म्हणून डब्ल्यू, ड्रायव्हर म्हणून त्या मॉडेलचं फोल्डर, आणि रिकर्स द्या. एखादा ड्रायव्हर सही नसलेला म्हणून नाकारला गेला तर फोर्सअनसाइन्ड वापरू नका. सिक्युअर बूटखाली तो चालणारच नाही. बहुधा फोल्डर जुन्या विंडोजचं असतं.

६. बीसीडीबूटला डब्ल्यूमधलं विंडोज फोल्डर, एस: आणि एफ यूईएफआय द्या. ही पायरी राहिली तर मशीन बूट डिव्हाइस नाही म्हणतं, किंवा बीसीडीच्या तक्रारीसह ०एक्ससी००००००एफ दाखवतं.

७. उत्तर फाइल पँथरमध्ये टाका, यूएसबी काढा, रीस्टार्ट करा. पहिला बूट रेंगाळतो, उपकरणं ओळखली जात असतात. मध्येच पॉवर बंद केली तर ‘इन्स्टॉलेशन पूर्ण करता आलं नाही’ हा निरोप येतो आणि पायरी दोनपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. टेबलाची वायरिंग भरवशाची नसेल तर युपीएसवर लावा.

तपासणी

पहिली तीन मशीनं शक्य तितकी वेगळी निवडा: एक असेंबल्ड, एक जुनं रिफर्बिश्ड, एक अगदी नवा लॅपटॉप. प्रत्येकावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण नको, झोपून उठल्यावर वायफाय यायला हवा, ऑडिओ जॅक चालायला हवा, आणि मंगलमधलं एखादं जुनं पत्र उघडून ओळी जागच्या जागी आहेत का पाहायचं. दोन मशीनवर लोकल खात्यातून हूअ‍ॅमआय /युझर चालवा. एस-१-५-२१पासून शेवटच्या डॅशच्या आधीपर्यंतचे आकडे दोन्हीकडे वेगळे असले पाहिजेत. सारखे निघाले तर जनरलाइझ झालेलंच नाही. तीच इमेज पुढे एकाही मशीनवर उतरवू नका.

सेटअप अडकला असेल तर त्याच पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबून कमांड प्रॉम्प्ट मिळतो. तिथून विंडोजच्या पँथरमधल्या अनअटेंडजीसी फोल्डरातली सेटअपअ‍ॅक्ट फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि खालून वर वाचत या. एरर लिहिलेली शेवटची ओळ बहुधा कारण सांगते. त्या आधीच्या पन्नास इशाऱ्यांकडे लक्ष देऊ नका, ते चांगल्या मशीनवरही येतात.

नवं मॉडेल आलं की इमेजला हात लावू नका, ड्रायव्हरचं एक फोल्डर वाढवा. इमेज तीन-चार महिन्यांनी बदला: सिसप्रेपच्या आधीच्या चेकपॉइंटवर जा, अपडेट बसवा, नवा चेकपॉइंट घ्या, मग सिसप्रेप आणि कॅप्चर. फाइलच्या नावात महिना आणि विंडोजची आवृत्ती लिहा, आणि आधीची एक डब्ल्यूआयएम नवी सगळ्या मॉडेलवर बसल्याची खात्री होईपर्यंत ठेवा.